शाळेत मदतीला जायचं, पण कुठे?

पत्र

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून पेनसिल्व्हेनियात आलो. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. मुलगी दुसरीत आहे, मुलगा यंदा किंडरगार्टनला लागला. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, त्यामुळे मी घरीच असते. गेल्या वर्षी शाळेच्या फॉल फेस्टिवलला (इथल्या पानगळीच्या दिवसांतल्या मेळ्याला) पॉपकॉर्नच्या मशीनपाशी दोन तास उभी राहिले. बाकीच्या आया एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, माझ्याशी 'थँक यू'च्या पुढे कोणी बोललं नाही. यंदा गणपतीत मुलाच्या वर्गासाठी शेंगदाण्याचे लाडू पाठवले, तर डबा न उघडताच परत आला. त्या रात्री मला रडू आवरेना.

आता पीटीएच्या, म्हणजे शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या, ईमेल सुरू झाल्यात. बुक फेअर, पिक्चर डे (मुलांचे फोटो काढायचा दिवस), ट्रंक ऑर ट्रीट (गाड्यांच्या डिकीतून मुलांना खाऊ वाटणं), हॅलोवीनची पार्टी, फूड ड्राइव्ह (गरजूंसाठी अन्न गोळा करणं). मुलगी विचारते, "सगळ्यांच्या आया येतात, तू का येत नाहीस?" नवरा म्हणतो, "फुकटची हमाली कशाला?" व्हिसावर असं काम चालतं का, ही धास्ती वेगळीच. मुलीच्या बाईंनी दिवाळीबद्दल वर्गात सांगायला बोलावलंय, त्यांनाही मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय करू?

– एक आई, पेनसिल्व्हेनिया

उत्तर

अगं, जा. नक्की जा. पण फॉल फेस्टिवलला नको, निदान या वर्षी तरी नको.

तुझं पॉपकॉर्नचं वाचलं आणि मला लग्नाची पंगत आठवली. पंगतीत वाढणाऱ्याला सगळे "इकडे भात आणा" म्हणतात. "तुम्ही कुठल्या गावचे?" असं त्याला कोणी विचारत नाही. त्यात पाहुण्यांच्या मनात वाईट काही नसतं, ती वेळच तशी असते. लग्नघरात माणसं एकमेकांची होतात ती आदल्या रात्री, ओसरीवर बसून भाजी चिरताना. हात कामात असतात, घाई नसते, समोरचीकडे बघत राहायची सक्ती नसते. मग कांदा सोलता सोलता एकीचं माहेर कळतं, दुसरीच्या सासूचं दुखणं कळतं. तुला कोणीतरी थेट पंगतीत वाढायला उभं केलं. भाजी चिरायला बोलावलंच नाही. गेल्या वर्षीच्या दोन तासांचं एवढंच झालं, असं मला वाटतं.

हे मी अनुभवाने सांगते. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये माझा मुलगा पहिलीत होता. आपण मागे पडायला नको म्हणून मी यादीतल्या चार-पाच कामांपुढे नाव घातलं. सायडर वाटायला उभी राहिले. (इथे सायडर म्हणजे सफरचंदाचा गढूळ, ताजा रस, त्यात दारू नसते. हे माहीत नसल्याने आधी मला लहान मुलांना तो पेला द्यायचाच धीर होईना.) थंडीत बोटं आखडली, कोणी ओळख दाखवली नाही, आणि घरी येऊन मी ठरवून टाकलं की ही माणसं आपली नव्हेत. पुढचे चार महिने मी शाळेची पायरी चढले नाही. मग एक दिवस वाचनालयाच्या बाईंनी फोन करून विचारलं, मंगळवारी सकाळी तास दीड तास येऊन पुस्तकं जागेवर लावाल का? मी गेले. पुढच्या मंगळवारीही गेले. सहा वर्षं गेले. आज माझ्या ज्या दोन जिवाभावाच्या अमेरिकन मैत्रिणी आहेत, त्या त्याच फडताळांपाशी भेटल्या. त्यातली एक त्या सायडरच्या टेबलाशी माझ्या शेजारीच उभी होती. तिला तो दिवस आठवतही नव्हता. तिच्या चार महिन्यांच्या बाळाला कोणी सांभाळत होतं आणि तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे : एकच काम घे, लहान घे, आणि तेच पुन्हा पुन्हा कर. पाच ठिकाणी एकेकदा गेलीस तर पाचही ठिकाणी नवखीच राहशील. एकाच ठिकाणी पाचव्यांदा गेलीस की दार उघडणारीला तुझं नाव पाठ असेल.

आता कुठलं काम? तुझ्या यादीत मला सगळ्यात आवडलं ते बुक फेअर. अमेरिकेतल्या बहुतेक प्राथमिक शाळांत तो स्कोलॅस्टिक या प्रकाशनाचा असतो. ही कंपनी १९२० साली तुझ्याच राज्यात, पिट्सबर्गजवळ सुरू झाली. चाकांच्या मोठ्या धातूच्या कपाटांतून पुस्तकं येतात, ती वाचनालयात नाहीतर जिममध्ये उघडी करून ठेवतात आणि आठवडाभर शाळेतच दुकान चालतं. विक्रीतला वाटा शाळेला मिळतो, रोख किंवा पुस्तकांच्या रूपात. पहिल्या दिवशी एकेक वर्ग येऊन नुसतं बघतो आणि मुलं हव्या त्या पुस्तकांची नावं, किमती कागदावर लिहून घरी नेतात. नंतर पैसे घेऊन येतात. तेव्हा माणसं लागतात : लहानग्यांना किंमत वाचून दाखवायला, यादी लिहून द्यायला, नाणी मोजायला, "आईने पुस्तकाला पैसे दिलेत, खोडरबराला नाही" याची हळूच आठवण करायला. हे काम आठवडाभर रोज असतं. सोमवारी जी बाई तुझ्या शेजारी गल्ल्यावर असेल तीच बहुधा बुधवारीही असेल. दोन वर्गांच्या मधे दहा-पंधरा मिनिटं कोणीच नसतं. तिथेच भाजी चिरली जाते.

आणि इंग्रजीची भीती मनात असेल (पत्रात लिहिली नाहीस, पण ओळींच्या मधे दिसते), तर गल्ल्यावरचं इंग्रजी तुला येतं. आकडे, रंग, "तुला कुठलं पुस्तक आवडलं?" बस. मोठ्यांशी बोलायला एक प्रश्न कायम चालतो : तुमचं मूल कुणाच्या वर्गात आहे? हा प्रश्न आगाऊ वाटत नाही, याचं उत्तर प्रत्येकीकडे असतं, आणि उत्तरानंतर ती तोच प्रश्न तुला विचारते.

बुक फेअरच्या जागा भरल्या असतील तर लॉस्ट अँड फाउंडचं, म्हणजे मुलांच्या हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचं, टेबल माग. हसू नकोस, फॉलमध्ये शाळेला या कामाची खरी गरज असते. सकाळी कुडकुडणारी थंडी आणि दुपारी ऊन, त्यामुळे मुलं मैदानावर जॅकेट काढून टाकतात आणि विसरतात. ऑक्टोबर संपेपर्यंत ढीग साचतो. कोणीतरी दर आठवड्याला बसून आतली नावं वाचून वर्गावर्गांत पोचती करायची असतात, उरलेली पुढे दान केली जातात. हे काम मागायला फारसं कोणी येत नाही, म्हणून जी मागते तिला ऑफिसातल्या बाई विसरत नाहीत. पिक्चर डेसुद्धा चांगला. रांगेतल्या मुलांच्या कॉलरी सरळ करायच्या, केसांवरून कंगवा फिरवायचा, कुणाच्या ओठाला दूध लागलं असेल ते पुसायचं. त्याला कुठलीच भाषा लागत नाही. हॅलोवीनच्या वर्गातल्या पार्टीच्या मागे मात्र यंदा लागू नकोस. तिथे जागा दोन-चार असतात आणि यादी उघडली की बघता बघता भरते. नाव लागलं नाही तर तुला पुन्हा वाटेल की मला वगळलं.

आता कागदपत्रं, कारण त्याला वेळ लागतो आणि तू उद्याच सुरुवात केलेली बरी.

पेनसिल्व्हेनियात मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या स्वयंसेवकांना क्लिअरन्स, म्हणजे आपल्या नावावर गुन्ह्याची नोंद नसल्याचे दाखले, लागतात. एक राज्य पोलिसांकडचा, एक बाल-अत्याचाराच्या नोंदींचा, आणि जे गेली दहा वर्षं सलग या राज्यात राहिलेले नाहीत त्यांना एफबीआयचे बोटांचे ठसेही. तू दोनच वर्षं इथे आहेस, म्हणजे ठसे तुला द्यावे लागतील. पहिले दोन स्वयंसेवकांना मोफत मिळतात, अर्ज ऑनलाइन करता येतो. ठशांना पैसे पडतात. एकदा केलं की ५ वर्षं चालतं. फेस्टिवलच्या एका संध्याकाळी टेबलं मांडायला शाळा हे बहुधा मागत नाहीत, पण सहलीला वर्गाबरोबर जायचं किंवा दर आठवड्याला वर्गात बसायचं तर मागतातच. कुणाला काय लागतं याचे नियम प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचे थोडे वेगळे असतात, तेव्हा ऑफिसात जाऊन विचार. मुलीचा वर्ग ऑक्टोबरात भोपळ्याच्या शेतावर जाणार असेल, आणि तुझे कागद तेव्हा वाटेत असतील, तर ती बस तुझ्याविना सुटेल. म्हणून घाई कर.

काही शाळा क्षयाची चाचणीही मागतात. इथे आपल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची. आपल्याला लहानपणी बीसीजीची लस दिलेली असते, दंडावर तो व्रण असतो. त्या लशीमुळे कातडीवरची चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि नसती धावपळ. रक्ताची चाचणी असते तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. डॉक्टरांना आधीच सांग की मला बीसीजी दिलेली आहे, रक्ताची चाचणी करा.

व्हिसाचं. एच-फोरवर वर्क परमिटशिवाय नोकरी करता येत नाही हे तुला माहीत आहे. (२०१५ पासून काही एच-फोर जोडीदारांना तो परमिट मिळू शकतो, नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचलेली असेल तर. ते एकदा तपासून बघ.) पण शाळेत पीटीएचं जे काम सगळेच पालक बिनपैशाने करतात ते नोकरीत मोडत नाही. सीमारेषा पैशाची आहे, आणि ते काम एरवी पगारी आहे का याची. जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणारी मदतनीस, बदली शिक्षिका, शाळा सुटल्यानंतरच्या वर्गातली मदतनीस ही बहुधा पगारी कामं असतात. "तुम्ही इतक्या छान रमता, लंच एड म्हणून या ना" असं कोणी प्रेमाने म्हणालं, तर परमिट हातात येईपर्यंत नाही म्हणायचं, आणि तेच काम "पैसे नकोत, अशीच करते" म्हणूनही घ्यायचं नाही. मनात जराही किंतु आला तर नवऱ्याच्या कंपनीचे व्हिसाचे वकील असतात त्यांना विचार. बुक फेअरच्या गल्ल्यावर मात्र निर्धास्त बस.

आता लाडू.

यावर मी जरा थांबणार आहे, कारण तुझं रडणं मला कळतं. गणपतीचा प्रसाद परत येणं ही आपल्याकडे केवढी मोठी गोष्ट आहे. प्रसादाला नाही म्हणत नाहीत, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, ते अंगातच असतं. पण तो डबा ज्यांनी परत पाठवला त्यांच्या डोळ्यांसमोर बाप्पा नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर एक पाच वर्षांचं मूल होतं, ज्याला शेंगदाणा खाल्ला की घसा सुजून श्वास कोंडतो. अशा मुलाचं इंजेक्शन शाळेच्या नर्सच्या कपाटात नाव लिहून ठेवलेलं असतं. ते मूल तुझ्या मुलाच्या शेजारीही बसत असेल. त्याच्या आईने शाळेत सोडताना रोज काय सहन केलं असेल याचा विचार कर. अमेरिकेत अन्नाच्या वेष्टनावर ज्या ९ मुख्य अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची नावं छापावीच लागतात, त्यात दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, काजू-बदाम-अक्रोड, गहू, शेंगदाणे आणि सोयाबीन तर आहेतच, शिवाय १ जानेवारी २०२३ पासून तीळही आले. आपल्या फराळाच्या डब्यावरून नजर फिरव. चिवड्यात दाणे, चिक्की, लाडवात काजू-बदाम, संक्रांतीचा तिळगूळ. आपलं निम्मं प्रेम त्या यादीत आहे. आणि घरी केलेल्या डब्यावर लेबल नसतं, म्हणून बऱ्याच शाळा फक्त दुकानातलं, बंद पाकिटातलं, घटक छापलेलं खाणंच घेतात. काही ठिकाणी वर्गात वाटायला खाणं आणायचंच नाही असा नियम आहे. हा नियम वर्षाच्या सुरुवातीच्या कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी असतो. तो गठ्ठा सगळा वाचून होत नाही, माझ्याकडूनही झाला नव्हता.

तुला एक सुचवते. मुलाच्या बाईंना दोन ओळी लिही : डबा परत पाठवलात त्याबद्दल आभारी आहे, मला नियम ठाऊक नव्हता, वर्गात अशी अ‍ॅलर्जी असलेलं कोणी असेल तर पुढच्या वेळी मी काळजी घेईन. मूल कोण आहे हे विचारू नकोस, त्या सांगणार नाहीत आणि सांगूही नये. पण हे पत्र त्यांच्या लक्षात राहील. आणि ३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या संध्याकाळी मुलं खाऊ मागत दारोदार फिरतात तेव्हा, तुमच्या गल्लीत एखाद्या दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा दिसला तर मुलांना दाखव. ती खूण आहे : या घरी खाऊऐवजी पेन्सिली, स्टिकर असं काहीतरी मिळेल, अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांनीही बिनधास्त दार वाजवावं. तुझ्या दारातही तसा एक ठेव. लाडू नाही पोचले, पेन्सिली पोचतील.

दिवाळीचं निमंत्रण. बाईंना हो म्हण, त्यांना ताटकळत ठेवू नकोस. फक्त एवढं सांभाळ की शाळेशी तुझं तेवढंच नातं राहू नये. आपल्याकडच्या कितीतरी आया वर्षातून एकदा साडी नेसून वर्गात जातात, पणती दाखवतात, आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत शाळेच्या लेखी त्या 'दिवाळीच्या बाई' असतात. आधी बुक फेअरला जाऊन ये. मग दिवाळीच्या दिवशी वर्गात उभी राहशील तेव्हा चार मुलं म्हणतील, या तर पुस्तकाच्या गल्ल्यावर होत्या.

शाळा सरकारी आहे असं धरून सांगते. तिथे सणाबद्दल सांगता येतं, पूजा करता येत नाही. आरती नको, मुलांना हात जोडायला लावणं नको. हे आपल्याला दुखावण्यासाठी केलेलं नाही, उलट. पेनसिल्व्हेनियात एकेकाळी कायदाच होता की शाळेत रोज सकाळी बायबलमधली किमान दहा वचनं वाचली जावीत. फिलाडेल्फियाजवळच्या अ‍ॅबिंग्टनमधलं एक कुटुंब त्याविरुद्ध कोर्टात गेलं आणि १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाचन घटनाविरोधी ठरवलं. धर्मांविषयी शिकवायला मात्र न्यायालयाने हरकत घेतली नाही. तुझ्या मुलीला आज सकाळी दुसऱ्या कुणाची प्रार्थना म्हणावी लागत नाही ती त्या निकालामुळे, तेव्हा तो निकाल आपणही पाळायचा. पेटती पणतीही शाळेत चालणार नाही, बॅटरीवरची ने. आणि २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाने दिवाळीला राज्याचा सण म्हणून मान्यता दिली आहे, शाळांना सुट्टी नसली तरी. वर्गात आवर्जून सांग, मुलांना आपल्या राज्याची गोष्ट म्हणून आवडेल.

पण मनापासून सांगू? मला विचारशील तर या ऋतूचा आपला खरा शाळेत न्यायचा खेळ भोंडला आहे. आश्विनात, सूर्य हस्त नक्षत्रात असताना, म्हणजे इथे फॉलची पानं रंग बदलू लागतात नेमक्या त्याच दिवसांत. मधे हत्तीचं चित्र, भोवती फेर, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. पाटावरची पूजा घरी ठेव, खेळ शाळेत ने. डब्यात खायचं काही नको. रंगीत खोडरबरं घाल, डबा कानाशी वाजव, आणि मुलांना ओळखू दे. सात-आठ वर्षांची मुलं खिरापत ओळखण्यासाठी जो आरडाओरडा करतात तो नाशिकच्या अंगणात असो की इथल्या वर्गात, सारखाच असतो. यंदा वेळ कमी आहे. पुढच्या वर्षी फॉल फेस्टिवलला तुझं टेबल याचंच मांड. तोवर ओळखीच्या दोन बाया तुझ्या बाजूला असतील, त्यांतल्या एकीला हत्ती काढायला लाव.

नवऱ्याचं "फुकटची हमाली". त्यांना माझा नमस्कार सांग आणि पुढचं वाचायला दे.

पीटीए कशाचे पैसे गोळा करते हे त्यांनी कधी विचारलंय का? सहलीच्या बसचं भाडं, शाळेत येणारे विज्ञानाचे, गाण्याचे कार्यक्रम, वाचनालयातली नवी पुस्तकं, मैदानावरची खेळणी यांतलं बरंच या पैशांतून होतं. अंदाजपत्रक सभासदांच्या सभेत मांडून मतांनी मंजूर होतं, आणि थोडी वर्गणी भरून तुम्ही दोघंही सभासद होऊ शकता. म्हणजे तुमच्या मुलांवर खर्च होणाऱ्या पैशांवर तुमचं मत असतं. ही हमाली असेल तर आपल्याच घराची आहे. राष्ट्रीय पीटीए १८९७ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या मातांच्या परिषदेतून उभी राहिली. 'माता' जाऊन नावात 'पालक आणि शिक्षक' आले १९२४ मध्ये. त्याला शंभर वर्षं होऊन गेली, तरी ईमेल वाचणारी अजून आईच असते, हे मला पटत नाही. फेस्टिवलच्या सकाळी टेबलं उचलायला, तंबू ठोकायला माणसं हवी असतात. तो शनिवार त्यांना दे. दोन तास. मुलगी आईला विचारते तसं बाबालाही विचारते, फक्त तो कामावर असताना विचारते.

याच संस्थेच्या इतिहासातली आणखी एक गोष्ट तुझ्यासाठी. ज्या काळात काही राज्यांत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, त्या काळात जॉर्जियातल्या सेलेना स्लोन बटलर यांनी काळ्या मुलांच्या पालक-शिक्षकांची वेगळी राष्ट्रीय संस्था १९२६ मध्ये उभी केली. दोन्ही संस्था एक व्हायला १९७० उजाडलं. आज राष्ट्रीय पीटीए तिच्या संस्थापकांत बटलर यांचंही नाव सन्मानाने घेते. या मंडळात कोण 'आपलं' हे कधीच ठरून गेलेलं नव्हतं. बाहेर ठेवलेल्या बायकांनी काम करून ते बदललं. तू पॉपकॉर्नपाशी उभी असताना तुला वाटलं की हे त्यांचं आहे आणि मी पाहुणी. तसं नाही. तुझी दोन मुलं त्या शाळेत शिकतात, एवढ्यानेच ती तुझीही झाली.

एक कडू गोष्टही सांगते, म्हणजे नंतर खचणार नाहीस. काही आयांचा कळप बंदच असतो. मुलं पाळणाघरात असल्यापासून त्या एकत्र आहेत, आणि त्यांना नवी मैत्रीण नको आहे. त्यांच्या मागे जाऊ नकोस. रिकाम्या बाजूला कोण उभं आहे ते बघ. दुसऱ्या राज्यातून ऑगस्टमध्ये आलेली आई, एकटा वाढवणारा बाप, नातवाला सांभाळणारी आजी, दोन पाळ्यांत काम करून आलेली कोणी. या माणसांनाही कोणी गाव विचारलेलं नसतं. तू विचार.

मुलीला काय सांगायचं? खरं ते सांग. "सगळ्यांच्या आया येतात" हे खरं नसतं, नोकरीवरच्या आया येऊ शकत नाहीत आणि त्यांची मुलंही हेच वाक्य घरी बोलतात. पण तिला तारीख हवी आहे. यादीत नाव लागलं की कॅलेंडरवर तिच्या हाताने गोल करायला लाव. तू शाळेत असताना ती कदाचित तुझ्याकडे बघणारही नाही, मैत्रिणींत तोंड लपवेल. तिला हाका मारू नकोस. तू तिथे आहेस हे तिने पाहिलेलं असतं.

आणि गल्ल्यावर बसायला जाशील तेव्हा पर्समध्ये थोडी सुटी नाणी टाकून जा. पुस्तकाची किंमत बरोब्बर मोजून आणलेलं आणि वरचा कर न धरलेलं एखादं मूल असतंच. चाळीस-पन्नास सेंटनी पुस्तक हातातून परत ठेवायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई